आकाशपाळण्याचं तिकीट

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा उजवा हात खुलताबादच्या उरुसात मोडला. आकाशपाळण्यात बसून मोडला असं लोक सांगतात, पण ते खरं नाही. पाळण्यानं काही केलं नाही. हात मोडला तो खाजेवाल्याच्या हातगाडीमुळं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढं हे प्रकरण ग्राहक मंचात गेलं आणि तिथल्या वकील-साहेबांपैकी एकानंही ती हातगाडी पाहिलेली नव्हती.

पाळणा आमच्याच गल्लीतल्या मामूंचा. मामू म्हणजे सगळ्या गल्लीचे मामू. त्यांचं घर आमच्या आधीपासूनचं. पोलीस ॲक्शननंतर सासरे इथं बिऱ्हाड घेऊन आले तेव्हा पहिली पाण्याची घागर त्यांच्या घरून आली होती, हे सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना इतक्यांदा सांगितलं की ती घागर आम्हीच उतरवून घेतली असं वाटायचं. पावसाळ्यात मामूंचा पाळणा चितेगावला एकाच्या शेतात सुटा करून पडलेला असे. हिवाळा आला की उरूस, जत्रा जिथं असेल तिथं तो उभा राही.

जाऊबाई शिवणकाम करायच्या. गुलमंडीतल्या एका कापडदुकानाचे ब्लाउज त्यांच्याकडं यायचे. कापणं त्यांचं, काजं-बटणं माझी. कात्री त्या कुणाच्या हातात देत नसत. नवऱ्याला नखं कापायला सुद्धा नाही.

तर त्या उरुसात आम्ही दोघी पाळण्यापाशी गेलो. जाऊबाईंनी पैसे काढले. मामू म्हणाले, "क्या भाभी, आपसे पैसे लेना क्या."

"घ्या मामू, धंदा आहे."

"बैठो, बैठो. घर का झूला है."

जाऊबाईंनी नोट त्यांच्या खिशात कोंबली, त्यांनी ती माझ्या पिशवीत टाकली, मी ती जाऊबाईंना दिली. मागं रांग खोळंबली होती. शेवटी फुकटच बसलो.

दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि जनरेटर बंद पडला. पाळणा थांबला, गाणंही थांबलं. आमची डोली अगदी वरही नाही आणि खालीही नाही, साधारण घराच्या माळवदाएवढ्या उंचीवर. खालून कुणीतरी ओरडलं, "आधी बायकांना उतरवा." बायका सगळ्या डोल्यांत होत्या, पण जमिनीलगतच्या डोलीतल्या आपल्या आपण उतरल्या आणि त्यांच्या वर आम्ही, म्हणून आमच्यापासून सुरुवात झाली. शिडी नव्हती. मामूंच्या माणसानं खाजेवाल्याची हातगाडी मागून आणली, तिच्यावर टेबल ठेवलं, टेबलावर स्टूल ठेवलं, आणि म्हणाला, "उतरा."

हातगाडीला चाकं असतात हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. चाकाला दगड लावायला पाहिजे होता. जाऊबाईंनी स्टुलावर पाय ठेवला, गाडी खाज्याच्या दुकानाकडं परत निघाली, आणि जाऊबाई उजव्या हातावर खाली आल्या. एवढ्यात जनरेटर सुरू झाला. गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं, आणि मी एकटी गाण्यासकट वर गेले. वरून मला दिसत होतं, जाऊबाई खाली बसून हाताकडं बघत होत्या. मामू त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसलेले. मला पुरी फेरी मारूनच खाली यावं लागलं.

प्लास्टर निघालं, पण मूठ मिटेना. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कात्रीत घातली की ती तिथंच राहायची. दुकानाचं कापड येऊन पडलं होतं. मी म्हटलं, मी कापते, तुम्ही खडूनं आखून द्या. आखलेल्या रेघेवरनं मी कात्री चालवली. पहिला ब्लाउज कापल्यावर जाऊबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "याची उशीची खोळ होईल."

तो ब्लाउज एका वकिलीणबाईंचा होता. दुकानात मिळेना म्हणून त्या घरीच न्यायला आल्या, त्यांना खोळ दाखवली. मग हात दाखवला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि खुर्चीत बसूनच म्हणाल्या, "मावशी, दावा लावू. पाळणा चालवायचा आणि अडकला तर माणसं उतरवायची सोय नाही, असं कसं?"

जाऊबाई म्हणाल्या, "मामूंवर दावा?"

"तुमचं पोट कशावर चालतं?"

जाऊबाईंनी कात्रीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. सही येत होती त्यांना, पण ती उजव्या हातानं.

मग तारखा सुरू झाल्या. मंच आमच्या घरापासून लांब. पहिल्या तारखेला आम्ही दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तर मामू रिक्षातूनच आले. "भाभी, चलो, तारीख है." आम्ही बसलो. वाटेत कुणी दाव्याचं बोललं नाही. हात कसा आहे ते त्यांनी विचारलं, भाचीचं लग्न कुठवर आलं ते जाऊबाईंनी विचारलं. उतरल्यावर ते त्यांच्या वकिलाकडं गेले, आम्ही आमच्या. पुढं प्रत्येक तारखेला हाच रिवाज पडला. वकिलीणबाईंनी एकदा आम्हाला एकाच रिक्षातून उतरताना पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, निदान कोपऱ्यावर तरी उतरत जा."

त्यात ईद आली. शीरखुर्मा नेहमीसारखा आला. जाऊबाईंनी डाव्या हातानं खाल्ला.

मामूंचा वकील हुशार निघाला. त्यानं हातगाडी, जनरेटर काही काढलं नाही. त्यानं एवढंच म्हटलं की ज्यानं पैसे दिले तोच ग्राहक. फुकट बसलेल्याला या मंचात तक्रार करता येत नाही. आमच्या वकिलीणबाईंना ही नोटेची गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मामू उभे राहिले. त्यांच्या वकिलानं विचारलं, "या बाईंकडून तुम्ही पाळण्याचे पैसे घेतले का?" एका शब्दाचं काम होतं. नाही म्हणायचं आणि घरी जायचं.

मामू जाऊबाईंकडं बघायला लागले.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "तिकडं काय बघता? हो की नाही सांगा."

"साब, ये बात मैं भरी कचेरी में कैसे बोलूँ? घर की औरतां हैं."

"म्हणजे?"

"किसी को मुफ्त बिठाए तो बाद में गिनाना नक्को. अच्छा नहीं लगता."

"मग घेतले?"

"हौ. लिया, ऐसा लिखो."

त्यांच्या वकिलानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसायला लागला. वकिलीणबाई मात्र सरसावून बसल्या. साहेबांनी जाऊबाईंना उभं केलं. "बाई, तुम्ही पैसे दिले होते ना?"

मला कळलं, हो म्हटलं की काम झालं. जाऊबाईंनाही कळलं होतं. त्यांनी दुखरा हात डाव्या हातात धरला होता. मामूंनी त्यांच्यासाठी खोटं बोलून रस्ता मोकळा करून ठेवला होता, नुसतं त्यावरून चालायचं होतं.

"नाय सायेब," त्या म्हणाल्या. "मी देत होते. मामूंनी घेतले नाहीत. लई ओढाताण झाली, हिला विचारा."

मला कुणी विचारलं नाही. वकिलीणबाई हळूच मागं टेकल्या. साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं कोणत्या बाजूचे आहात?"

निकाल आमच्या विरुद्ध गेला. पैसे दिले नाहीत म्हणून जाऊबाई ग्राहक ठरत नाहीत, असं साहेबांनी सांगितलं. उठता उठता साहेब मामूंना म्हणाले, "निदान एक शिडी ठेवा हो."

परत येताना रिक्षात मामू पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी अवघडून बसले. क्रांती चौक गेल्यावर मान न वळवता म्हणाले, "भाभी, ऐसा कायको बोले?"

"तुम्ही कायको बोललात?"

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडं पाहिलं.

त्याच आठवड्यात मामूंची बायको दुपारी आली. नमाज झाल्यावर आली आणि चटईवर बसली. म्हणाली, "लाओ, काटती मैं." जाऊबाई खडूनं आखायच्या, ती कापायची. तिचा हात सरळ चालायचा. मी सुखानं काजांकडं परतले. ती का येते, किती दिवस येणार, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, तिच्याही नसावं. दुकानाचं काम सुटलं नाही.

पुढच्या उरुसात जाऊबाई म्हणाल्या, "चल." मी म्हटलं, "कुठं?" त्या पुढं निघालेल्या.

पाळण्याच्या खांबाला एक लोखंडी शिडी टेकवलेली होती, वरच्या टोकाला आकडे, खाली रबर. मामू कौतुकानं दाखवायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "नुसती दाखवू नका. लावा."

लावली.

"आता चढा."

"मैं?"

"मग कोण, मी?"

रांगेतल्या लोकांसमोर मामू चढले, डोलीला हात लावला आणि उतरले. शिडी हलली नाही. गुडघा धरून उभे राहिले. तोवर जाऊबाईंनी पैसे काढले होते.

"भाभी, अब आपसे..."

"दोन तिकिटं द्या. सायबानं काय सांगितलं ते विसरलात का?"

मामूंनी पैसे घेतले. चेहरा असा केला जणू कुणी त्यांना घराबाहेर काढलंय. दोन तिकिटं फाडून दिली.

आम्ही बसलो. जाऊबाईंनी दोन्ही तिकिटं उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरली. तोवर तेवढं मिटायला लागलं होतं. वर गेल्यावर वारा आला, तिकिटं फडफडली. मी म्हटलं, "पिशवीत ठेवा की."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उतरेपर्यंत लागतात."