सांध्यातला कापूस

माझ्या बापाला एका माणसाने आमच्याच ओटीवर उभं राहून चोर म्हटलं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, बाप जाऊन एक. मला शाळेत मास्तरकी लागली आणि मी पहिलं काम काय केलं, तर माळ्यावर मोडून पडलेली त्याची हातांची खुर्ची खाली काढली. पाय बसवून घेतला, नवा वेत विणून घेतला. पाचूबंदरात आमच्या कोळ्यांच्या आळीत तेवढी एकच खुर्ची.

वसईतले एक केळीवाडीचे मालक मुलाच्या अभ्यासाचं विचारायला आले आणि खुर्ची पाहून थबकले. "ही आमच्या पडवीतली," म्हणाले. "तुझा बाप आमच्या वाडीत कामाला होता, तेव्हाच उचलली असणार चोरट्याने. रविवारी गाडी घेऊन येतो."

खुर्ची आईच्या लग्नाआधीची, त्यामुळे ती कुठून आली हे तिलाही ठाऊक नव्हतं. "देऊन टाक रे," ती म्हणाली, "मोठ्या मानसांशी वाकडं नको." पण खुर्ची दिली म्हणजे चोरी कबूल केली. मी देणार नव्हतो.

वेत विणणारा म्हणाला होता, लाकूड होडीचं दिसतंय. तेवढ्यावर मी खुर्ची सायकलला बांधली आणि अर्नाळ्याला होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुताराकडे निघालो. आगाशीपर्यंत लोक हसत होते. हसेनात का!

म्हाताऱ्याने खुर्ची उलटी केली, सांध्यात सुरीचं टोक घातलं आणि राळेत भिजवलेल्या कापसाची काळी वात ओढून काढली. मग त्याला हसूच आवरेना. "माझ्या वस्तादाचं काम हाय. जलमभर होड्याच बांधल्या त्यान. पानी शिरल म्हनून खुर्चीचे पन सांधे भरले!"

त्याला सगळं आठवत होतं. आमची होडी खडकावर फुटली, म्हणून बाप वाडीत राबायला गेला. तिथे त्याने मालकाच्या खुर्चीची मापं वितीने घेतली आणि फुटक्या होडीच्या फळ्या वस्तादापुढे आणून टाकल्या. "तुझा बाप बोलला, तिथं दिवसभर उभा र्‍हातो, घरात तरी बसन." दोन खुर्च्या सारख्या दिसत होत्या त्या यामुळे. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला.

रविवारी मालक बैलगाडी घेऊन हजर. शेजारीपाजारी जमले. मी खुर्ची उलटी केली आणि दुसऱ्या सांध्यातला कापूस त्यांच्यासमोर उपसला. "तुमच्या खुर्च्यांत आहे हा? तुमच्या पडवीत समुद्र शिरतो का?"

त्यांनी कापूस चुरगळला, हुंगला. "बरं, असेल तुमची," म्हणून गाडीकडे वळले.

"खुर्चीचं मिटलं," मी वाट अडवली. "चोर म्हणालात ते परत घ्या."

ते घुटमळले. मग खाली बघत पुटपुटले, "चोर नव्हता तो."

इतका वेळ दाराआड उभी असलेली आई पदर खोचून बाहेर आली.

"जोरान बोला, शेठ. त्याला कमी ऐकू यायचं."