गणपतच्या चपला आणि न उघडलेला डबा

इंदुताई ताकसांडे यांच्याशी माझी पहिली ओळख त्यांच्या पुस्तकांतून झाली नाही. वणीला कोळसा खाणीच्या सर्वेक्षण विभागात मी रुजू झाले आणि खोली शोधत त्यांच्या दारात पोहोचले. 'निवृत्त नर्सबाई आहेत, एकट्या राहतात,' एवढीच माहिती मला मिळाली होती. ओसरीवर मात्र पुरुषाच्या मोठ्या मापाच्या चपला होत्या. उजव्या चपलेची टाच झिजलेली होती. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "घरात आणखी कोण राहतं?"

"त्या गणपतच्या हायेत," ताई म्हणाल्या.

"गणपत कोण?"

"ट्रक चालवतो. भिऊ नको. अजून लिहून व्हायचा हाय तो."

मी खोली घेतली. पण पहिले आठ दिवस दाराला आतून कडीसोबत कुलूपही लावत होते.

त्यांच्या मागच्या कादंबरीतला गणपत आज या परिसरातल्या बहुतेक वाचकांना माहीत आहे. त्याच्या आधी त्याच्या चपला आल्या होत्या, हे कमी जणांना माहीत असेल. ताईंच्या पंचाहत्तरीच्या समारंभात त्यांची नवी कादंबरी प्रकाशित व्हायची होती, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. ती झाली नाही. अनेकांनी ताईंच्या तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. कादंबरी अडली ती माझ्यामुळे, म्हणून हा लेख मी लिहिते आहे.

ताईंची कामाची पद्धत आधी सांगायला हवी. एखादं पात्र मनात आलं की त्या लिहायला बसत नाहीत. पिशवी घेतात आणि एस.टी.ने मुकुटबनच्या आठवडी बाजाराला जातात. मुकुटबनच्या आरोग्य केंद्रात त्यांची बरीचशी नोकरी झाली, त्यामुळे तिथलं प्रत्येक दुकान त्यांच्या ओळखीचं. बाजार करायचा तो त्या पात्राने केला असता तसा. तो कुठे घासाघीस करेल, कोणत्या दुकानापुढून मान खाली घालून जाईल, काय हातात घेऊन परत ठेवेल, हे पाहायचं. घरी येताना त्याची एक वस्तू आणायची आणि ती वापरायची. गणपतच्या चपला ताईंनी स्वतः तीन महिने घातल्या, उजवा पाय ओढत. टाच झिजली ती त्यांच्या चालण्याने.

या पद्धतीची किंमत त्यांनी हसत मोजली आहे. चप्पलवाल्याने तेव्हा विचारलं होतं, "सिस्टर, पुरुषाच्या कायले? घरात कोणी आलं का?"

"येऊन राह्यला," ताई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. ही बातमी त्यांच्याआधी वणीला पोहोचली. चौथ्या दिवशी त्यांच्या नणंदबाई यवतमाळहून 'सहज' आल्या, दोन दिवस राहिल्या आणि कपाटाच्या मागेसुद्धा पाहून गेल्या.

कादंबरी छापून झाल्यावर ताईंनी त्या चपला दूधवाल्या काकांना दिल्या. पात्राचं काम झालं की त्याची वस्तू कोणाच्या तरी कामी यावी, असा त्यांचा नियम आहे. आमच्या गल्लीत ताईंच्या पात्रांची छत्री, कंदील आणि चष्म्याचं घर वापरणारी माणसं आहेत.

ही सवय कुठून आली, असं मी एकदा विचारलं. नर्स असताना गावात कोणी बाई गरोदर आहे असं कळलं की त्या तिच्या घरी आधीच तीन-चार फेऱ्या मारायच्या. पाणी कुठे ठेवतात, सकाळी आधी कोण उठतं, सासू बोलत असताना सून कुठे पाहते, हे सगळं पाहून यायच्या. एका घरी त्यांच्या लक्षात आलं की सून दुखलं तरी बोलत नाही, फक्त भांडी जोरात आपटते. पुढे एका दुपारी शेजारणीने येऊन सांगितलं, "तिचं काही दुखत नाही म्हणते, पण आज भांड्याइचा लय आवाज करून राह्यली." ताई पिशवी उचलून धावल्या. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली. "बाई खाटेवर आल्यावर वळख करून काय फायदा?" त्या मला म्हणाल्या. "पात्राचंबी तसंच हाय."

ताई हाताने लिहितात. त्यांची पानं संगणकावर उतरवण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मोजमाप हा माझा व्यवसाय आहे, चूक दिसली की मला पुढे जाता येत नाही. गणपत बाराव्या पानावर उजव्या पायाने लंगडत होता आणि पुढे एका प्रकरणात डाव्या. मी ते दाखवलं. दुसऱ्या कोणी टंकलेखनाच्या चुकीवर ढकललं असतं. ताई उठून ओसरीवर गेल्या आणि परत आल्या. "चपला माह्याकडं तोंड करून ठेवल्या होत्या. तसंच समोरून पाहून लिहिलं मी." मग त्यांनी ते प्रकरण दुरुस्त केलं नाही, पूर्ण नव्याने लिहिलं. भार दुसऱ्या पायावर असेल तर माणूस ट्रकमधून उतरतो वेगळा, भांडतोही वेगळा, असं त्यांचं म्हणणं. ते प्रकरण आता पुस्तकातलं सर्वांत चांगलं आहे, असं मी खात्रीने सांगू शकते. जुनं आणि नवं, दोन्ही मी वाचली आहेत.

नव्या कादंबरीत खाणीत सर्व्हेचं काम करणारी एक मुलगी आहे. दोनशे पानं झाल्यावर ताईंनी मला बोलावलं. "तुह्यासारखी एक पोरगी येऊन राह्यली. तू नाही, पण तुह्या कामातली. विचारू का काही?"

मी दुसऱ्या दिवशी दोन पानं टाइप करून दिली. शिक्षण, उंची, कामाच्या वेळा, उपकरणं, आवडी, सवयी. क्रमांक घालून. माझ्या मते ती माहिती पूर्ण होती.

ताईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "हे तं सर्व्हिस बुक झालं, बाई." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ती डबा कोणापुढं उघडत नाही?"

मी म्हटलं, "याचं उत्तर मी देणार नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली आणि चहा टाकला. तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. कादंबरीही थांबवली.

प्रकाशक घरी आले तेव्हा मी तिथेच होते. समारंभाचा दिवस ठरला होता. ते म्हणाले, "ताई, काहीतरी टाकून द्या ना तिथं. वाचकाले काय कळते?"

"वाचकाले नाही कळणार," ताई म्हणाल्या. "तिले कळन."

ही 'ती' कादंबरीतली की मी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना अंदाज बांधता आला असता. इतकी वर्षं माणसं पाहिलेल्या लेखिकेचा अंदाज बहुधा बरोबरही आला असता. पण जे मी दिलं नाही, ते त्यांनी घेतलं नाही. आपल्या पंचाहत्तरीचं पुस्तक त्यांनी त्यासाठी थांबवलं. माझ्याशी कोणी इतक्या सभ्यतेने वागल्याचं मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी खाणीवरून लवकर आले. डबा तसाच होता. ताई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून डबा उघडला आणि उत्तर दिलं. यवतमाळला पदविकेला असताना माझे वडील मला डबा करून देत. आई नव्हती. त्यांच्या पोळ्या वाकड्या व्हायच्या. एकदा वर्गातल्या मुलांनी पोळी उचलून नकाशासारखी धरली आणि 'हा कोणता तालुका?' म्हणून हसले. मीही हसले. त्यांच्यापेक्षा जोरात. तेव्हापासून मी कोणापुढेच डबा उघडत नाही. पोळ्यांची लाज वाटते म्हणून नाही. मी हसले म्हणून.

ताईंनी वही काढली नाही. हातातली शेंग मोडली. मग माझ्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "तुह्याबी पोळ्या काही गोल नाही."

पुढच्या बाजारानंतर ओसरीवर स्टीलचा तीन खणांचा डबा आला. मी तो हातात घेऊन पाहिला. "हा ती घेणार नाही. जीपमध्ये वाजतो. सगळे वळून पाहतात."

"मंग ती कोणता घेईन?"

"उद्या दाखवते."

ताईंनी ही हकीकत अजून कागदावर उतरवलेली नाही. माझी वाट पाहत आहेत, हे मला कळतं. म्हणून ती मीच इथे, त्यांच्या सुहृदांसमोर, लिहून दिली आहे. ताई, हीच माझी परवानगी समजावी.

त्या मुलीबद्दल तुम्हाला अजून पुष्कळ विचारायचं आहे आणि मी उत्तरं सावकाश देणाऱ्यांपैकी आहे, एका वेळी एक. माझ्या हिशेबाने याला बरीच वर्षं लागतील. तेवढी वर्षं तुमचे गुडघे मुकुटबनच्या बाजारात चालत राहोत, दृष्टी तीक्ष्ण राहो आणि ओसरीवर अनोळखी माणसांच्या वस्तू येत राहोत. मी आता दाराला कुलूप लावत नाही.