बहिणीच्या लग्नाची सीडी

बहिणीचं लग्न हे आमच्या जुन्या गावातलं शेवटचं लग्न. पुढच्याच उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाच्या पाण्यासाठी गाव उठलं आणि आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत टिनाच्या घरात आलो. लग्नाचं शूटिंग करायला अड्याळहून फोटोग्राफर आला होता. त्यानं दोन सीड्या दिल्या आणि आगपेटीपेक्षा जराशी मोठी एक कॅसेट.

"हे मास्टर हाय भाऊ," तो मला म्हणाला. "सीडी खराब झाली तं याच्यातून दुसरी निघते. फेकू नोका."

आई नव्या वस्तीत चारच वर्षं जगली. तिचे फोटो दोन-तीन आहेत, पण चालती-बोलती ती फक्त त्या सीडीत होती. पंगतीत भाताची परात घेऊन ती वाकते आणि कोणा पाहुणीला म्हणते, "घ्या ना वो, लाजता कायले?" एवढंच. मागे आमचं कौलारू घर दिसतं, मग कॅमेरा नवरदेवाकडे वळतो.

पहिली काही वर्षं आम्ही दर दिवाळीला ती सीडी लावायचो. मग प्लेअर बिघडला. तोवर मला भंडाऱ्यात नोकरी लागली होती. मी कॉम्प्युटर घेतला, सीड्या त्यात उतरवल्या, पुढे सगळं एका हार्ड डिस्कवर टाकलं. खोली बदलताना ती कॅसेट हातात आली. चालवायला मशीन कुठेच मिळत नव्हतं, आणि व्हिडिओ तर आता डिस्कमध्ये होता. मी ती कचऱ्यात टाकली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी तो व्हिडिओ उघडून पाहिला नाही. जपून ठेवलाय म्हटल्यावर पाहायची घाई वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांची नजर अधू झाली. धरणावर मासे धरायला जाणं सुटलं, दिवसभर ओसरीत बसणं आलं. एका रविवारी मी गेलो तर म्हणाले, "का गा, ते लग्नाची सीडी हाय का अजून?"

"आहे ना."

"आन एकडाव. पाहाचं नाही मले, आयकाचं हाय. तुही माय बोलते त्याच्यात."

त्याच संध्याकाळी भंडाऱ्यात येऊन मी डिस्क लॅपटॉपला लावली. आत टिकटिक वाजलं आणि थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. सीड्या शोधून काढल्या तर त्यांचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटून बोटाला लागला. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्यानं डिस्क पंधरा दिवस ठेवून घेतली.

"आतली तबकडी घासली गेली," तो म्हणाला. "काही निघणार नाही."

"थोडा आवाज तरी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

शेवटी अड्याळला त्या फोटोग्राफरकडे गेलो. तो म्हातारा झाला होता. आता फक्त पासपोर्ट फोटो काढतो.

"माह्याकडे कायचं राहते भाऊ? तुमाले तं मास्टर देल्ली होती ना," तो म्हणाला.

बाबांना मी सांगितलं, डिस्क दुरुस्तीला टाकली आहे.

"कवा भेटन?"

"महिना लागते म्हणते."

मग मी दर रविवारी गेलो की ते विचारायचे आणि मी, अजून दुरुस्त करून राहिले, असं सांगायचो. परतताना गाडीवर मी आईचं ते वाक्य आठवून पाहायचो. शब्द सगळे आठवायचे, पण कानात बहिणीचा आवाज यायचा. आईचा कसा होता ते मला सांगता येत नाही. बहिणीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "जरासा भरडा होता ना?" तिलाही खात्री नव्हती.

गेल्या रविवारी बाबांनी विचारलं नाही. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाले, "राहू दे गा आता. नोको आनू."

खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. मी "बरं" म्हटलं आणि गाडी काढली.