नोटीस बोर्डावरचा पगार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टूलबॉक्सच्या तळाशी वॉशर साचतात तसे ते साचतात. कधी आले, कुठून आले, सांगता येत नाही. आमच्या प्लांटच्या लंचरूमचं तसंच झालं. माझी बायको वृषाली म्हणायची, "घरी जेवताना तू चार वाक्यं बोलतोस, त्यातली तीन डेलची असतात!" चूक काहीच नव्हतं त्यात.

हा प्लांट ह्यूस्टनच्या बंदराकडच्या बाजूला. मी नागपूरचा, इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. २००१ च्या ऑक्टोबरात एच-वन व्हिसावर इथे आलो आणि शुगर लँडहून रोज तासभर ड्राइव्ह करत या प्लांटवर जाऊ लागलो. लंचरूममध्ये दोन मोठी टेबलं होती. मायक्रोवेव्हजवळच्या टेबलावर आम्ही इंजिनीअर, म्हणजे मी, पुण्याचा प्रसाद आणि आणखी दोन-तीन देशी मंडळी. खिडकीजवळच्या टेबलावर टेक्निशियन. ते सगळे गोरे, सगळे आसपासच्या दहा मैलांत जन्मलेले. त्यांचा म्होरक्या डेल. हायस्कूल संपलं तसा तो या प्लांटमध्ये शिरला आणि तीस वर्षं तिथेच होता. असं वेगळं बसायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच बसायचे सगळे.

*

पहिला किस्सा पार्किंगचा.

टेक्निशियनांच्या रांगेत नवेकोरे पिकअप ट्रक. शुक्रवारी त्यातल्या दोघा-तिघांच्या मागे बोटसुद्धा जोडलेली असायची, इथूनच थेट मासे पकडायला जायचं म्हणून. आमच्या रांगेत सेकंडहँड जपानी गाड्या. माझ्या गाडीचा एक आरसा टेपनं चिकटवलेला होता.

डेलनं एकदा त्या आरशाकडे बघत विचारलं, "विन, तू मास्टर्स केलंयस ना?" माझं नाव विनय, पण तिथे शेवटचं अक्षर पहिल्याच आठवड्यात गळून पडलं होतं.

"केलंय."

"मग ही गाडी?"

"पैसे साठवतोय."

"कशासाठी?"

प्रसाद मदतीला धावला. "पुढे लागतील म्हणून!"

डेल म्हणाला, "पुढे म्हणजे कुठल्या वर्षी?"

आरसा मी त्या शनिवारी बदलला.

*

तीच गाडी एकदा प्लांटच्या गेटवर बंद पडली. डेल म्हणाला, "चल, सोडतो घरी."

शुगर लँडमध्ये शिरताना आधी डॉक्टरांची घरं लागतात. कारंजी, तीन-तीन गराज, दारात खांब. डेल वाटेत ज्या काही गप्पा मारत होता त्या हळूहळू कमी झाल्या. एका घरासमोर तर त्यानं स्पीडच कमी केला. मी म्हटलं, "अजून पुढे." मग डावीकडे वळायला लावलं, मग दुकानांच्या मागे, आणि शेवटी आमच्या दोन बेडरूमच्या भाड्याच्या अपार्टमेंटसमोर थांबायला सांगितलं. डेलचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, तू पण त्यांच्यातलाच!"

वृषालीनं त्याला पोहे दिले. आमच्याकडे डायनिंग टेबल नव्हतं, चार घडीच्या खुर्च्या होत्या आणि जमीन होती. डेल पोह्यांची प्लेट गुडघ्यावर ठेवून बसला. दोन वेळा मागून खाल्ले.

पुढच्या रविवारी त्याचा ट्रक दारात. मागे ओकचं टेबल, त्याच्या आईचं. "माझ्या गराजमध्ये नुसतं धूळ खातंय." नाही म्हणायला लागलो तर म्हणाला, "मी तुझ्या घरी परत येणार आहे, आणि माझे गुडघे दुखतात!"

*

डेलच्या हेल्मेटच्या आत एक फोटो चिकटवलेला होता. गाऊन घातलेली, हसणारी मुलगी. ही एमी, त्याची एकुलती एक. रात्री एका डायनरमध्ये वेट्रेसचं काम करून तिनं सहा वर्षांत इंजिनीअरिंग पूर्ण केलं. डेलच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. नवीन माणूस भेटला की डेल हेल्मेट काढायचा. आधी वाटायचं, किती अदबीनं वागतो! मग कळलं, फोटो दाखवायचा असतो.

मला विचारलं, "तुमच्याकडे घरात किती इंजिनीअर?"

मी मोजू लागलो. मी, दादा, दोन मेहुणे, तीन चुलतभाऊ, वृषाली. वर प्रसादनं भर घातली, "याच्या घरी इंजिनीअर न झालेला एकच काका आहे. त्याचा फोटो लावत नाहीत!"

टेबलावर हशा झाला. डेल हसला नाही. हेल्मेट उलटं करून त्यानं फोटोचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मला त्या क्षणी स्वतःची थोडी लाज वाटली, ती अजून वाटते.

*

२००५ च्या सप्टेंबरात मोठं वादळ येणार म्हणून अख्खं ह्यूस्टन गाड्या काढून निघालं. फ्रीवेवर सोळा तास अडकून आम्ही ऑस्टिन गाठलं. वादळ ऐन वेळी बाजूनं गेलं आणि आठवड्यानं सगळे कामावर परत आले. लंचला विषय एकच, कुणी काय काय बरोबर घेतलं होतं.

डेल म्हणाला, "दोन बंदुका, जनरेटर, कुत्रा आणि आईचे फोटो. तू?"

"फाईल."

"कसली?"

मी सांगितलं. पासपोर्ट, व्हिसाचे अप्रूव्हल, सगळ्या पे-स्लिप, डिग्रीची सर्टिफिकेटं, लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्या भाषांतराची नोटरी. निळी, चार इंच जाडीची फाईल. वृषाली ती सोळा तास मांडीवर घेऊन बसली होती.

"पण कशाला?"

"मी इथे आहे हे सिद्ध करायला."

डेलनं मला खालून वर पाहिलं. "तू तर माझ्यासमोर बसलायस!"

तिथे मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. व्हिसा सहा वर्षांचा. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांत कंपनीनं ग्रीन कार्डसाठी अर्ज केला नाही तर सामान बांधायचं. नोकरी गेली तरी तेच. म्हणून पगारवाढ मागायची नाही, बॉसला उलटून बोलायचं नाही. डेलनं हातातलं सँडविच संपवलं. शेवटी म्हणाला, "तरीच तू सगळ्या मीटिंगांमध्ये मान डोलावतोस."

*

दुसऱ्या वर्षी कंपनी एकदाची अर्जाला तयार झाली. अर्जाआधी कंपनीला जाहीर करावं लागतं, की ही जागा आहे, कुणी लायक अमेरिकन असेल तर या. रविवारच्या पेपरात जाहिरात द्यायची आणि कामाच्या जागी नोटीस लावायची. सलग दहा कामाचे दिवस. त्या नोटिशीवर पगार छापावाच लागतो.

एचआरच्या लिंडानं नोटीस लंचरूममध्ये लावली. मला बजावलं, "तू त्या कागदाला हात लावायचा नाहीस. मध्येच निघाला तर दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून. आणि कुणी लायक माणूस आला, तर अर्ज थांबला."

पाच वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज जायला हवा आणि नोटिशीनंतर महिनाभर थांबावं लागतं, त्या हिशेबानं नोटिशीसाठी माझ्याकडे जेमतेम तीन आठवडे उरले होते. लिंडानं तो कागद एका टाचणीवर टांगला, एसीच्या झरोक्याच्या बरोब्बर खाली! तो पतंगासारखा फडफडायचा आणि मी डबा खाताना त्याच्यावरच डोळा ठेवून बसायचो.

नोटिशीवर नाव नव्हतं, नुसतं "इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर" आणि बासष्ट हजार डॉलर. पण प्लांटमध्ये कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी टेक्निशियन एकेक करून बोर्डापाशी गेले आणि वाचून आले. ओव्हरटाइम धरून त्यातला प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त कमवत होता. इतकी वर्षं ते आम्हाला श्रीमंत समजत होते.

त्या दिवसापासून कॉफीच्या डब्यात टाकायचा डॉलर माझ्याकडून कुणी घेतला नाही!

*

गोऱ्यांचं एक सोपं होतं. अवघड गेलं ते आपल्यांचं.

प्रसाद माझ्याहून दोन वर्षं सीनियर. त्यानं नोटीस वाचली आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कळलं की त्याला अठ्ठावन्न मिळतात. "यार, मला सांगायचं तरी! मी तुला गरीब समजून दर वेळी पिझ्झ्याचं बिल भरत होतो!"

तोवर बातमी त्याच्या बायकोमार्फत महाराष्ट्र मंडळात पोचली होती. संध्याकाळी एका काकूंचा वृषालीला फोन आला. पाच मिनिटं हवा-पाणी झालं आणि मग त्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला बाई वाटलं होतं, जरा जास्त असेल."

*

सहाव्या दिवशी डेल आमच्या टेबलावर येऊन बसला. तो तिथे कधी बसत नसे.

"विन, त्या कागदावर लिहिलंय की कुणीही अर्ज करू शकतं."

"हो."

"डिग्री आणि पाच वर्षं अनुभव. एमीकडे दोन्ही आहे."

मला माहीत होतं. एमी बोमाँटच्या एका प्लांटमध्ये होती. त्यांचं युनिट वसंतात बंद झालं आणि ती बाप-लेकीच्या जुन्या घरात, जुन्या खोलीत परत आली होती. तीन महिने तिला काम नव्हतं.

"तिनं अर्ज केला तर तुझं काय होईल?"

खोटं बोलता आलं असतं. जागा आधीच भरलीय, सगळा देखावा आहे, असं काहीही. प्रसाद टेबलाखालून माझा पाय दाबत होता. पण त्या माणसाच्या आईच्या टेबलावर आम्ही तीन वर्षं जेवत होतो.

"माझा अर्ज थांबेल. पुढच्या वर्षी बहुतेक परत जावं लागेल."

"आणि तिनं अर्ज करणं बरोबर आहे?"

"अगदी बरोबर आहे. हा कागद त्याचसाठी लावलाय."

डेलनं मान हलवली, हेल्मेट उचललं आणि गेला. प्रसाद म्हणाला, "हरिश्चंद्राचा अवतार! आता विमानाची तिकिटं बघ." घरी वृषालीला सांगितलं. तिनं निळी फाईल कपाटातून काढली, पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

*

आठव्या दिवशी लंचला गेलो तर बोर्डावर नोटीस नाही! टाचणी होती, कागद नव्हता.

खाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात डोकावलो. हात लावायचा नाही, म्हणून हात पाठीमागे धरून शोधत होतो. प्रसाद म्हणाला, "डेल सकाळी बोर्डासमोर उभा होता. एमीसाठी नेली असणार."

तेवढ्यात डेल आत आला. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दोन शीट्समध्ये बसवलेली ती नोटीस. त्यानं ती बोर्डावर धरली आणि चार कोपऱ्यांत चार स्टेनलेसचे बोल्ट आवळले. वॉशरसकट. वादळ आलं असतं तर भिंत गेली असती, नोटीस राहिली असती!

"दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत," तो मागोमाग आलेल्या लिंडाला म्हणाला. "हवेनं उडत होती. या प्लांटमध्ये काहीही लूज राहिलेलं मला चालत नाही."

मला राहवेना. "एमीला दाखवली?"

डेल ड्रिलची वायर गुंडाळत होता. "दाखवली."

"मग?"

"पगार वाचून हसली. म्हणाली, एवढ्या पैशांत हे काम कोण वेडा करेल!"

लंचरूम खदखदून हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. दहा दिवस झाले. कुणी अर्ज केला नाही आणि आमचे कागद पुढे सरकले. बोल्ट काढायला लिंडाला मेंटेनन्सची वर्क ऑर्डर काढावी लागली.

*

२००८ च्या उन्हाळ्यात डेल रिटायर झाला. त्याच्या घरामागच्या अंगणात पार्टी होती. तिथेही दोन मोठी टेबलं होती, पण या वेळी एकत्र जोडलेली. एमीला मी तिथे पहिल्यांदा भेटलो. ती आता लुइझियानात काम करते म्हणाली. दर सोमवारी पहाटे निघायचं, तीन तास ड्राइव्ह, शुक्रवारी परत. "डॅडला आवडत नाही, पण इथे जवळपास काही मिळालंच नाही."

मी म्हटलं, "तुझे आभार मानायचे राहिलेत. दोन वर्षांपूर्वी ती नोटीस वाचून तू हसलीस, म्हणून मी आज इथे आहे."

"कुठली नोटीस?"

"आमच्या प्लांटवरची. इन्स्ट्रुमेंट इंजिनीअरची. बासष्ट हजार."

एमी माझ्याकडे बघतच राहिली. "बासष्ट? त्या उन्हाळ्यात? मी चाळीसलासुद्धा पळत आले असते!"

मी वळून पाहिलं. डेल ग्रिलपाशी आमच्याकडे पाठ करून बीफचं ब्रिस्केट कापत होता. मान वर न करता त्यानं हाक मारली, "विन! तुझी मक्याची कणसं वेगळी भाजलीत. गार व्हायच्या आत घेऊन जा!"