दोन मशीनं आणि आजचे रक्ताचे रिपोर्ट

मंडळींनो, मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात मुक्ता टाइप करते. आज तिचीच चूक तिच्याच बोटांनी लिहून घेतेय.

मुक्ता एका रक्ततपासणीच्या लॅबची रिपोर्ट साठवणारी कॉम्प्युटर-मशीनं सांभाळते. एक इथे रत्नागिरीत, दुसरं चिपळुणात. एकात लिहिलेलं लगेच दुसऱ्यात उतरतं. सकाळी दोघांमधली नेटची लाइन तुटली. रत्नागिरीचं बंद पडलं असं समजून हिने चिपळूणच्याला मुख्य केलं, म्हणजे नवे रिपोर्ट थेट त्यातही भरायला लागले. इथलं तर चालूच होतं! दुपारपर्यंत दोन्हींत वेगवेगळे रिपोर्ट भरले.

लाइन आली, तर मशीनं एकमेकांशी बोलेनात.

"आम्हा जावांसारखी गो!" मी म्हटलं. ती हसली नाही.

"आजी, दोन्हीकडचं एकत्र होत नाही. एकीकडचं आजचं सगळं पुसावं लागेल."

"काय बदललं त्याच्या खुणा नाहीत?"

"आहेत. आत कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, साठवणीच्या प्रत्येक खणाला खूण असते. पण खण बदलला एवढंच ती सांगते, आत काय लिहिलं ते नाही."

मी डब्यांवर कोळशाच्या खुणा करणारी बाई, मला लगेच कळलं.

शेवटी चिपळूणचं आजचं पुसलं. नमुनेही फेकून झालेत. तिथे रक्त देऊन गेलेल्यांना आता पुन्हा बोलवायचंय. यादीत पहिली एक तान्ही पोर आहे. हे टाइप करून झालं की मुक्ता तिच्या आईला फोन लावणार आहे.

तुम्ही असता, तर त्या आईशी पहिलं वाक्य काय बोलला असता?