अकरावा फॉर्मा

चिकटरावांचं खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. बोटांना कायम वाळलेली खळ, बाहीला सरस, आणि एकदा स्टुलावर बसले की उठायचं नाव नाही, म्हणून कुणीतरी त्यांना चिकटराव म्हणालं आणि ते नाव पडलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते फाटक्या पुस्तकांची बांधणी करत. तीस वर्षं हेच काम. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण एकही वाचलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "डॉक्टर काय पेशंटशी संसार करतो?"

तरी न वाचता पुस्तकाचं सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. पुस्तक मिटून उभं धरायचं आणि सोडायचं. ते आपोआप जिथे उघडेल, तिथे माणसं थांबतात. चहाचा डाग म्हणजे वाचणारा निवांत आहे. कोपरा दुमडला म्हणजे झोप आली. आणि कागदावर लहान गोल फुगवटे उठून अक्षरं फिकी झाली असतील, तर तिथे कुणीतरी रडलंय. या विद्येचा त्यांना फार अभिमान होता. पुढे याच विद्येनं त्यांचे दात त्यांच्याच घशात घातले.

झालं एका कादंबरीमुळे. जाड, गुलाबी कव्हरची, चिक्कार रडवणारी प्रेमकथा. तिच्यासाठी वाचनालयात नंबर लावावे लागत. सरकारी दवाखान्यातली सिस्टर ती तिसऱ्यांदा घेऊन गेली होती आणि परत करताना दर वेळी तिचं नाक लाल असायचं. बँकेतला कॅशियर म्हणायचा, "बायको वाचते म्हणून मी वाचली, नाहीतर जेवणात मीठ नसतं." निवृत्त हेडमास्तरांनी तर काउंटरवर भाषणच ठोकलं होतं. "ग्रंथपालबाई, हे पुस्तक नव्हे, पाकात पडलेली माशी आहे! आणि तुम्ही लोकांना ती चाखायला देता!" एवढं बोलून त्यांनी ती आणखी आठ दिवसांसाठी वाढवून घेतली. अजून बारीकसारीक दोष काढायचे राहिले होते म्हणे.

इथवर चिकटरावांना मजा वाटत होती. मग ती कादंबरी त्यांच्याच घरात आली.

चिकटरावांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, फ्रेमचे स्क्रू पिळायची. बोलायला मोजकी, हसायला त्याहून मोजकी. चोवीस वर्षांच्या संसारात चिकटरावांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिचे वडील गेले तेव्हाही ती कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला पाणी देत होती. अशी ती बाई एका रविवारी दुपारी खिडकीपाशी बसून ती कादंबरी वाचत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

चिकटराव दारात थिजले.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "वाचतेय."

"एवढं काय आहे त्यात?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

तुम्हाला नाही कळायचं! झालं, चिकटरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्याचं दाखवून सिस्टरकडून कथा काढून घेतली. नायिकेचं एका बोटीवरच्या कप्तानावर प्रेम असतं. कप्तान उंच, रुंद खांद्यांचा, पेटीभर पत्रं लिहिणारा. घरचे तिचं लग्न भलत्याच माणसाशी लावतात.

"कुणाशी?"

"आहे एक घड्याळजी. त्याचं काही नाही हो," सिस्टर म्हणाली. "पण कप्तान परत येतो ना, अहाहा!"

त्या दिवसापासून चिकटराव एका न जन्मलेल्या माणसावर जळू लागले. आरशात दाढी करताना त्यांना आपले खांदे दिसत, आणि वाटे, हे काय खांदे आहेत? हे तर छत्री अडकवायचे खुंट आहेत. बायको भांडी लावताना जरा थांबली की यांच्या मनात पाल चुकचुके: आली वाटतं बोट! आपण हिला उभ्या जन्मात एक पत्र लिहिलं नाही, हे त्यांना चोवीस वर्षांनी आठवलं आणि त्याचा राग त्यांनी कप्तानावर काढला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. पण त्यांना खरंच भीती वाटत होती, ती कप्तानाची नव्हे. बायकोच्या मनात रडण्याजोगं काहीतरी आहे आणि त्यात आपण कुठेच नाही, याची ती भीती होती.

आणि नेमकी ती कादंबरी पाठ मोडून बांधणीला आली.

चिकटरावांनी खोलीचं दार लोटलं, पुस्तक मिटून उभं धरलं आणि सोडलं. ते अकराव्या फॉर्म्यात उघडलं. फॉर्मा म्हणजे सोळा पृष्ठांची, म्हणजे आठ पानांची एक घडी. असे फॉर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. पान एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. कागदावर फुगवटेच फुगवटे. काही जुने, काही ताजे. ताजे कुणाचे, हे त्यांना सांगायला नको होतं.

"इथे आलास काय रे," चिकटराव कप्तानाला म्हणाले.

त्यांनी एक ओळसुद्धा वाचली नाही. शत्रूचं तोंड कशाला बघायचं? दोरा कापला, अकरावा फॉर्मा उचलून बाजूला ठेवला, दहाव्यावर बारावा ठेवून शिवण घातली आणि पुस्तक शिकंज्यात आवळलं. नेहमीपेक्षा दोन पिळे जास्तच दिले. काढलेल्या फॉर्म्याची आठ पानं सुटी करून त्यांनी दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटवली आणि वर कोरा कागद लावला. रद्दी कागद असेच वापरतात. दोन पानं कायद्याच्या पुस्तकात गेली, दोन भूमितीत, दोन कोंबडीपालनात आणि दोन कोशात. कप्तान चारी दिशांना पांगला.

गंमत अशी, की कुणालाच काही कळलं नाही. कॅशियर म्हणाला, "या वेळी लवकर संपली, बरं वाटलं." सिस्टर चिडली. "मी ड्यूटीवरून येऊन वाचते ना, मधेच डोळा लागतो वाटतं. पण पहिल्यासारखं रडू येत नाही हो." हेडमास्तर मात्र आनंदानं काउंटरवर आले. "दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं! बाईचा आजार नाही, शुश्रूषा नाही, एकदम कप्तान दारात हजर. याला म्हणतात संयम! लेखिकेला मी उगाच बोललो."

चिकटराव आत बसून खळ ढवळत होते. चोराच्या मनात चांदणं असतं. 'आजार' हा शब्द त्यांना खटकला, पण त्यांनी तो तसाच गिळला. बायकोनं पुस्तक पुन्हा घरी नेलं तेव्हा तर त्यांना उकळ्या फुटत होत्या. आता रड बघू.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुकानातून तडक मागच्या खोलीत आली. चोवीस वर्षांत या खोलीत ती दोनदाच आली होती.

"एकशे साठच्या पुढे एकशे सत्त्याहत्तर कसं?"

जिचा दिवस बारीक अक्षरांत जातो, तिच्यापासून पानांचे आकडे लपवायला निघाले होते चिकटराव!

"खराब झाला होता फॉर्मा," ते म्हणाले.

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. "काढला! मीच काढला! चोवीस वर्षांत माझ्यासमोर एक थेंब नाही काढलास, आणि त्या कप्तानासाठी नदी वाहवलीस! काय आहे त्याच्यात? पत्रं? खांदे?"

तिनं चष्मा नाकावर नीट केला. मग हळू म्हणाली, "त्या फॉर्म्यात कप्तान नाहीच."

"म्हणजे?"

"कप्तान येतो एकशे सत्त्याहत्तरवर. त्याच्यासाठी नाही रडले मी. तो किती बोलतो, डोकं दुखतं. काढलेल्या पानांत तिचा नवरा आहे. तो घड्याळजी." ती दाराकडे वळली. "तुम्ही निदान वाचायचं तरी होतंत."

ती गेली. चिकटरावांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मग ते उठले आणि कपाटातून कायदा, भूमिती, कोंबड्या आणि कोश काढून आणले.

स्वतःच पक्की केलेली बांधणी स्वतःच उकलायची म्हणजे काय असतं, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. ओला फडका ठेवायचा, खळ फुगू द्यायची, मग सुरीच्या पात्यानं पान कणाकणानं सोडवायचं. तीन दिवस गेले. एकेक पान दोरीवर वाळत घातलं, आणि वाळता वाळता चिकटरावांनी ते वाचलं. आयुष्यातलं पहिलं वाचन, तेही उभ्यानं, मान तिरकी करून.

त्यात घड्याळजी होता. बायको मनानं आपली नाही हे त्याला माहीत होतं. तरी तिच्या कामाला जायच्या वेळेआधी तो तिचं घड्याळ लावून ठेवायचा. बोलायला गेला की त्याची जीभ अडखळायची. चिकटरावांना तो आवडू लागला. आपल्यापेक्षा जरा बावळट वाटला, त्यामुळे जास्तच आवडला. एकशे बहात्तरच्या तळाशी नायिकेला ताप भरतो. पुढचं पान कोशाच्या पुठ्ठ्यात होतं. सगळ्यांच्या आसवांनी ते आधीच विरलेलं. फडका उचलला तर हातात नुसता लगदा आला.

घरी जाऊन त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "सात मिळाली. एकशे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर गेलं. दुसरी प्रत कुठे नाही."

"मला पाठ आहे ते," ती म्हणाली. "कागद आणा."

तिनं एका बैठकीत दोन्ही बाजू लिहून काढल्या. चिकटरावांनी ते हातानं लिहिलेलं पान नीट कापून फॉर्म्यात घातलं आणि अकरावा फॉर्मा परत जागेवर शिवला. शिवण्याआधी ते पान त्यांनी चार वेळा वाचलं. घड्याळजी दुकान बंद ठेवतो. काम घेऊन तिच्या उशाशी बसतो, बोलत मात्र काहीच नाही. तिला उजेड सोसत नाही म्हणून तो खिडकीच्या काचांवर खळीनं कागद चिकटवतो, चपला दाराबाहेर काढून अनवाणी फिरतो, आणि तिनं डोळे उघडले की "औषधाची वेळ झाली" म्हणत तोंड भिंतीकडे वळवतो. 'त्याला वाटत होतं मला दिसत नाही. मला सगळं दिसत होतं.' घड्याळजीच्या घरात खळ कुठून आली, असं चिकटरावांना क्षणभर वाटलं. पण लेखिकेला या कामातलं कळतं, म्हणून त्यांनी मान डोलावली.

पुस्तक पुन्हा फिरू लागलं. सिस्टरनं हातचं पान वहीत उतरवून घेतलं. हेडमास्तर पुस्तक उघडं धरूनच आले आणि काउंटरवर ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. "बाकी सगळं जाळा. हे एक पान ठेवा. अक्षर कुणाचं आहे?"

तीन महिन्यांनी कुणीतरी त्याच कादंबरीची प्रत भेट दिली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "चिकटराव, यातल्या पानाची झेरॉक्स काढून त्या हातच्या पानाच्या जागी लावा. वाचनालयाचं पुस्तक आहे, वही नाही."

चिकटरावांनी नवी प्रत उघडली. पान एकशे त्र्याहत्तर. घड्याळजी उशाशी बसून बोलत होता. दोन्ही बाजू तो नुसता बोलत होता: तू माझा चंद्र, तू माझा श्वास. खळ नव्हती, कागद नव्हते, चपला नव्हत्या. त्यांनी पान पुन्हा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं.

मग त्यांना आठवलं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला विषमज्वर झाला होता. बावीस दिवस. फॉर्मे घडी घालायला घरी आणून ते तिच्या उशाशी बसायचे. उजेड तिच्या डोळ्यांत जायचा म्हणून त्यांनीच खळ शिजवून काचांवर कागद लावले होते. आणि चपला दाराबाहेर. त्यांना वाटलं होतं, ती ग्लानीत होती.

चिकटराव स्टुलावर बसले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतल्या एका कागदावर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. आणि लगेच मनात जळजळ सुरू झाली. हे पान सिस्टरनं उतरवून घेतलं! कॅशियरनं वाचलं! त्या हेडमास्तरानं काउंटरवर मोठ्यानं वाचून दाखवलं! काय संबंध त्यांचा?

झेरॉक्स त्यांनी पाच मिनिटांत लावली. काढलेल्या पानाची घडी घालून ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. ती डबी बायकोनंच दुकानातून आणून दिली होती.

आठवड्याभरानं सिस्टर मागच्या दारात उभी. "चिकटराव, ते हातचं पान काढलंत? छापलेलं अगदीच पांचट आहे हो. माझी वही हरवली. ते पान मला द्याल?"

चिकटरावांनी खळीचं भांडं ढवळत वरही पाहिलं नाही.

"लगदा झाला त्याचा," ते म्हणाले.