सहा जणांची जीप

शेवटच्या संध्याकाळी ह्यांनी माझ्याशी काही खास बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती, पण निदान गप्प पडून राहावं एवढी होती. हुबळीचं इस्पितळ, नाकात नळी, हाताला सलाईन, आणि बीपी बघायला आलेल्या सिस्टरला हे विचारतायत, "अक्का, सिंह नोडीरेन्री?" ती बिचारी माझ्याहून थोडीच लहान, निवृत्तीला आलेली. तिनं कुठला सिंह पाहिलाय? झालं. डिसेंबरात आम्ही गीरला चाललोय, "नम् जोडी बर्री," असं आमंत्रण देऊन मोकळे. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा डबा भरत होते, तेव्हा इस्पितळात थांबलेल्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, डबा राहू दे…"

खरं म्हणजे गीरचं खूळ माझं. धारवाडच्या मराठी शाळेत जन्मभर पोरांना सिंहाचं चित्र दाखवून 'हा जंगलाचा राजा' म्हणून शिकवलं, आणि स्वतः पाहिला तो पिंजऱ्यात जांभया देणारा. निवृत्त झाल्यावर एकदा चहा पिताना बोलून गेले की मोकळा फिरणारा सिंह एकदा तरी बघायचाय. हे पाटबंधारे खात्यातले, योजना आखण्यात हयात गेलेली. त्याच दिवशी भिंतीवर नकाशा चिकटवला, खाकी टोपी आणली. मला वाटलं, चला, जमलं.

पण तिथल्या जीपमध्ये माणसं बसतात सहा, आणि ह्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवानं घातलाच नव्हता. रोज सकाळी केलगेरीच्या तळ्यावर फिरायला जायचे आणि येताना एक माणूस वाढवून आणायचे. आम्ही दोघं, माझा भाऊ-भावजय, शेजारचे जोशी पतिपत्नी, इथवर ठीक होतं. मग कलघटगीचे ह्यांचे जुने साहेब निघाले. मी म्हटलं, "अहो, सातवा कुठे बसणार? सिंहाच्या पाठीवर?" तर म्हणाले, "दुसरी जीप सांगू की." मग दुसरी जीप रिकामी कशी न्यायची, म्हणून ती भरायला आणखी माणसं. मग त्यात कोणाच्या मुलीचं बाळंतपण, कोणाच्या नातवाची परीक्षा, साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एकाला जमत नाही म्हटलं की सगळ्यांची तारीख पुढे. असं ढकलत ढकलत पावसाळा यायचा आणि जंगल बंद व्हायचं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. बारा भानगडी नुसत्या. टोपी मात्र फिरायला जाताना घालून घालून विटली.

एकदा मी खरंच चिडले. म्हटलं, "मला तुमची वरात नकोय. आपण दोघंच जाऊ." हे गोंधळले. म्हणाले, "अगं, दोघांनीच जाऊन काय करायचं? सिंह दिसला तर सांगायचं कोणाला?" मी म्हटलं, "मला सांगा की." त्यावर म्हणाले, "तू तर शेजारीच असशील…" मी उठून भाकऱ्या थापायला गेले.

तेराव्याला जेवायला आलेल्यांतले निम्मे लोक डोळे पुसत मला हेच सांगत होते की अण्णा आम्हाला गीरला नेणार होते. आचारीसुद्धा पळी हातात धरून तेच म्हणाला. मला रडू येण्याऐवजी संताप आला. एवढ्या जणांना शब्द दिलात, आणि जिच्यासाठी निघाला होता तिला तेवढं घरी बसवून गेलात. मी मुलाला बजावलं, डिसेंबरचं बुकिंग कर, फक्त आपल्या घरची माणसं, आणि कोणाला सांगू नकोस.

गेल्या आठवड्यात एका कागदासाठी इस्पितळात जावं लागलं. जिन्यात तीच सिस्टर भेटली. हात धरून कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा गेले, फार वाईट झालं." मग जरा लाजून म्हणाली, "मी डिसेंबरची रजा टाकून ठेवली होती. आता मागे घेते." मरणाच्या दारातल्या माणसाचं बोलणं खरं मानून कोणी रजा टाकतं का? मला ह्यांचा असा राग आला की विचारू नका. आणि त्याच रागात माझ्या तोंडून निघालं, "कशाला मागे घेता? बर्री की."

बाहेर येऊन मुलाला फोन लावला, सिस्टर आपल्याबरोबर येतायत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आई, जीपमध्ये सहाच बसतात. आपलेच सहा झालेत."

"मग दुसरी सांग," मी म्हटलं. "आणि ऐक, तारीख आता देव आला तरी बदलायची नाही."

तो हळूच म्हणाला, "आई, दुसऱ्या जीपमध्ये त्या एकट्याच?"

"एकट्या कशाला?" मी म्हटलं. "त्या आचाऱ्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"